चार मोजण्या, पाच आकडे: माझ्या साइटवर माणसं येतात तरी किती?

व्हॉल्व्हवाला

मंडळी, जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यावर माझी एक छोटी साइट आहे. अकरा वर्षं झाली. सर्किटं, कॉइलचे वेढे, कुठले कपॅसिटर आधी बदलायचे, असलं सगळं. जाहिराती नाहीत, त्यामुळे किती जण वाचतात याची मी कधी चौकशीच केली नव्हती. गेल्या महिन्यात सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीने विचारलं, होस्टिंगचा खर्च आम्ही उचलतो, पानाच्या तळाशी आमचं नाव टाका. फक्त महिन्याला वाचक किती ते कळवा.

सोपा प्रश्न वाटला. मग बघायला बसलो. होस्टिंगच्या पॅनेलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स म्हणतं ९,६१२ युनिक व्हिजिटर, म्हणजे वेगवेगळी माणसं (आणि हिट्स तीन लाखांच्या वर, ते बघून क्षणभर छाती फुगली). साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये कधीतरी टाकलेलं एक प्लगइन (जोडप्रोग्रॅम) म्हणतं ४,३७५. गूगल ॲनालिटिक्स म्हणतं २,१४० वापरकर्ते. गूगलचंच सर्च कन्सोल म्हणतं १,३१० क्लिक. शिवाय मी स्वतः ॲनालिटिक्समधला रोजचा आकडा एका तक्त्यात उतरवून तीस दिवसांची बेरीज केली, ती आली ३,०५२. म्हणजे मोजणारे चार आणि आकडे पाच.

एकच सर्किट आणि प्रत्येक मीटरचा काटा भलतीकडे, असं माझ्या टेबलावर झालं असतं तर मी बिघडलेले मीटर बाजूला ठेवले असते. इथे बिघडलेला कुठला?

लॉगफाइल

बिघडलेला एकही नाही. चौघे वेगवेगळ्या वस्तू मोजतायत, एवढंच.

आधी हिट्स डोक्यातून काढा. एका पानावर वीस चित्रं असली की पान एक आणि चित्रं वीस, म्हणजे एकाच माणसाचे एकवीस हिट्स. तुमच्याकडे सर्किटांचे फोटो ढीगभर असणार, तेव्हा तीन लाखांवर छाती फुगवू नका.

एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं त्याची नोंदवही, वाचतं. त्याच्या दृष्टीने वेगळा आयपी पत्ता (नेटवरच्या जोडणीचा नंबर) म्हणजे वेगळा माणूस. हे दोन्ही बाजूंनी चुकतं. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, म्हणून मोबाइल कंपन्या एकेका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. ते सगळे मिळून एक दिसतात. उलट तुम्ही घरच्या वायफायवरून बाहेर पडून फोनच्या नेटवर गेलात की तुम्ही एकटेच दोन होता. त्यात बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम. जे आपलं नाव सांगून येतात त्यांना एडब्ल्यूस्टॅट्स वेगळं काढतं, पण जे क्रोमचं नाव लावून येतात ते माणसांच्या रांगेत उभे राहतात.

प्लगइन बहुतेक पान तयार होताना मोजत असेल. कॅशमधून, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या प्रतीतून, पान गेलं तर त्याला पत्ताच लागत नाही, आणि बॉट आला तर तो खुशाल मोजला जातो.

ॲनालिटिक्सचं उलटं. ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चाललं तरच माणूस आला असं ते मानतं. जाहिराती आणि असली स्क्रिप्टं अडवणारा ॲडब्लॉकर असेल, कुकीची परवानगी विचारणाऱ्या संमतीच्या पट्टीवर कोणी 'नको' दाबलं असेल, तर तो आलाच नाही. तुमचा वाचक रेडिओ उघडणारा आहे, म्हणजे ब्राउझरही उघडून बघणारा असणार. ॲडब्लॉकर भरपूर निघतील.

'भेट' या शब्दाचंही तसंच. मध्ये एक तास गेला की एडब्ल्यूस्टॅट्स नवी भेट धरतं, ॲनालिटिक्स अर्ध्या तासातच धरतं. सर्च कन्सोल तर फक्त गूगलच्या शोधातून आलेले क्लिक मोजतं, तेही अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेच्या तारखेने. त्याची बाकीच्यांशी तुलनाच नको.

आणि तुमचा पाचवा आकडा. सोमवारी आलेला माणूस गुरुवारी परत आला तर तुमच्या तक्त्यात तो दोन झाला. युनिकची बेरीज होत नसते हो. ३,०५२ पुसून टाका.

कच्चा लॉग उतरवून घ्या आणि आयपीप्रमाणे लावून बघा. ज्या आयपीने शेकडो पानं मागितली पण एकही चित्र, पानाची मांडणी ठरवणारी एकही सीएसएस फाइल मागितली नाही, तो माणूस नव्हे.

टिंबटिंब

माझ्या ब्लॉगला तीन वाचक आहेत. एक मी. दुसराही मीच, फोनवरून. तिसऱ्याचा शोध चालू आहे.

अर्धविराम

टिंबटिंब, हसू नका, बातम्यांच्या एका साइटवर आकडे बघण्याचं काम मी चार वर्षं केलं, आणि तिथेही शेवटी हाच प्रश्न असायचा. फक्त शून्यं जास्त.

व्हॉल्व्हवाला, तुमचे वाचक परत येतात किती दिवसांनी? विचारतेय कारण ॲनालिटिक्स माणसाला ओळखतं ते ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीवरून, म्हणजे छोट्या खुणेच्या फाइलवरून, आणि आयफोनचा ब्राउझर सफारी २०१९पासून स्क्रिप्टने ठेवलेल्या अशा कुकीला सात दिवसांपलीकडे जगू देत नाही. दर दहा दिवसांनी येणारा आयफोनवाला दर वेळी नवा कोरा पाहुणा. आमच्याकडे यावरून एकदा बैठक झाली होती. 'नवे वाचक वाढतायत, जुने सोडून चाललेत', असा आलेख भिंतीवर लावून दोन तास काळजी करत बसलो होतो. जुने कुठेही गेले नव्हते. त्यांची ओळखपत्रं दर आठवड्याला फाटत होती.

'डायरेक्ट' या रकान्यावरही फार विश्वास ठेवू नका. त्याचा अर्थ पत्ता टाइप करून आलेले असा सांगतात. खरा अर्थ 'कुठून आले कळलं नाही'. व्हॉट्सॲपवरून दुवा उघडला की बहुतेक वेळा कुठून आलात ही माहिती सोबत येतच नाही. २०१२ सालीच अशा वाटांना 'डार्क सोशल' असं नाव पडलं होतं. (जाता जाता: कुठून आलात हे सांगणारी जी ओळ (हेडर) ब्राउझर पाठवतो, तिच्या Referer या नावातच स्पेलिंगची चूक आहे, एक आर कमी. वेबचे नियम सांगणाऱ्या १९९६च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ती तशीच छापली गेली आणि अजून सगळं जग ती इमानेइतबारे चुकीची लिहितं. मोजमापाची सुरुवातच अशी.)

ती कंपनी कदाचित बाहेरच्या एखाद्या सेवेवर तुमचा आकडा पडताळून बघेल. त्याला घाबरू नका. बाहेरून अंदाज करणारे मुळात एखाद्या नमुन्यावर चालतात, काही माणसांच्या ब्राउझिंगवरून सगळ्यांचा हिशेब. ॲलेक्सा या सेवेचं साइट्सचं रँकिंग असंच ब्राउझरमध्ये तिचा टूलबार बसवलेल्यांवरून सुरू झालं होतं, १ मे २०२२ ला बंद झालं. मोठ्या साइटला नमुना निदान दिशा दाखवतो. महिन्याला दोन-चार हजार माणसं येणाऱ्या साइटचा एकही वाचक त्या नमुन्यात नसेल, मग ते काय मोजणार?

व्हॉल्व्हवाला

लॉगफाइल, ३,०५२ पुसला. लाज वाटली थोडी, पण पुसला.

तुम्हा दोघांचं वाचल्यावर डोक्यात आलं की रेडिओत बिघाड शोधताना आपण हवेत जे आहे त्यावर विसंबत नाही. सिग्नल जनरेटर लावतो. आपल्याला माहीत असलेला सिग्नल आत सोडायचा आणि पलीकडे काय निघतं ते बघायचं. तेच केलं.

एक नवं पान लिहिलं, साइटवर कुठूनही त्याला दुवा दिला नाही. ओळखीच्या रेडिओवाल्यांना दुवा पाठवला, काहींना मेलवर, काहींना चॅटवर, आणि सांगितलं की उघडलंत की कशावरून उघडलंत ते कळवा. तेवीस जणांनी कळवलं. म्हणजे आत सोडलेला सिग्नल २३, पक्का.

ॲनालिटिक्सने दाखवले १९. मी म्हटलं वा, फार चुकलं नाही. मग एकेकाला विचारत बसलो. सात जणांकडे ॲडब्लॉकर होता किंवा त्यांनी पट्टीवर नकार दाबला होता. ते मोजलेच गेले नाहीत. उरले सोळा. त्यातल्या तिघांनी आधी फोनवर आणि मग सर्किटचा मोठा नकाशा नीट दिसावा म्हणून लॅपटॉपवर उघडलं, ते झाले सहा. सोळा आणि तीन, एकोणीस. म्हणजे जवळचा वाटणारा आकडा दोन उलट्या चुका एकमेकींना खाऊन तयार झाला होता. रेडिओत दोन बिघाड मिळून आवाज बरा येतो कधीकधी, तसं. एक दुरुस्त केला की आवाज बिघडतो आणि गिऱ्हाईक आपल्यालाच बोलतं.

लॉगमध्ये त्याच पानासाठी वेगळे आयपी निघाले ४४. अकरा तर यंत्रंच: चॅटमध्ये दुव्याचं चित्र आणणारी, मेलमधले दुवे धोक्याचे आहेत का ते आधीच उघडून बघणारी. एका मित्राने पान उघडलं दुपारी, त्याच्या ऑफिसच्या मेलमधल्या पहारेकऱ्याने ते सकाळीच वाचून टाकलं होतं. राहिले ३३, ते या २३ माणसांचेच, घरचं वायफाय आणि फोनचं नेट मिळून. त्यातही एका जागी बसणाऱ्या दोघांचा मिळून एकच.

सगळ्यात मजा वेळेची. ॲनालिटिक्स म्हणतं त्या पानावर सरासरी ३८ सेकंद. माझा एक मित्र त्या पानावरून आख्खी संध्याकाळ काम करत होता, मला फोटो पाठवलाय त्याने: टेबलावर उघडा सेट, हातात सोल्डरिंग आयर्न, फोन कपॅसिटरच्या डबीला टेकवलेला आणि स्क्रीन काळी. लागेल तेव्हा करंगळीने स्क्रीन जागी करायची, आकडा बघायचा, परत काम. स्क्रीन विझली की वेळ मोजणं थांबतं, अर्ध्या तासाने पुन्हा बोट लागलं की नवी भेट. पान सर्वांत जास्त वापरणारा माणूस हिशेबात येऊन-जाऊन पळणारा ठरला.

लॉगफाइल

हा प्रयोग भारी आहे. एक भर: आकडे मोठे झाले की ॲनालिटिक्समधले 'वापरकर्ते' एकेक करून मोजलेलेच नसतात. हायपरलॉगलॉग नावाची पद्धत आहे, २००७ मध्ये फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. कोणी सांगितलं की मला लागोपाठ दहा वेळा छापा पडला, तर त्याने नाणं खूप वेळा उडवलं असणार असा आपण अंदाज करतो ना, साधारण त्या धाटणीचं गणित. जागा नगण्य लागते, चूक थोडी असते, पण अंदाज तो अंदाज. तुमच्या २,१४० मधला शेवटचा ४० उगाच जपू नका.

तुमच्या प्रयोगावरून 'खरा आकडा म्हणजे ॲनालिटिक्स गुणिले २३ भागिले १९' असंही करू नका. तुमचे मित्र म्हणजे तुमचे सगळे वाचक नव्हेत. गूगलवरून चुकून येणाऱ्याकडे ॲडब्लॉकर कमीच असेल.

अर्धविराम

करंगळीवाला फोटो त्या कंपनीला पाठवा, आकड्यापेक्षा जास्त सांगतो. मग कळवलंत काय शेवटी?

व्हॉल्व्हवाला

आमच्या धंद्यात याची जुनी सोय आहे. ज्या बिंदूला एक मेगाओहमचा (दहा लाख ओहमचा) रोध लागून आहे आणि खरे ६ व्होल्ट आहेत, तिथे व्होल्टमागे वीस हजार ओहमचा काट्याचा मीटर दहाच्या रेंजवर (म्हणजे स्वतःचा रोध दोन लाख ओहम) लावला तर काटा १ व्होल्टवर थांबतो. मीटर स्वतःच करंट पितो म्हणून. दहा मेगाओहमचा डिजिटल मीटर लावा, साधारण साडेपाच दाखवेल. पूर्ण सहा दोघेही दाखवत नाहीत. म्हणून जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये व्होल्टेजच्या तक्त्याखाली लिहिलेलं असायचं की हे आकडे अमुक मीटरने घेतलेत. तसाच मीटर तुमच्याकडे असेल तर ताडून बघा, नसेल तर फरक धरून चाला. संमतीची पट्टी बघून परत फिरणारा माणूस म्हणजे मीटरने प्यायलेला करंटच की.

तर मी मेल लिहिला: 'गूगल ॲनालिटिक्सप्रमाणे महिन्याला सुमारे २,१०० ब्राउझर. ॲडब्लॉकरवाले यात नाहीत, दोन उपकरणांवरून येणारे दोनदा आहेत. याच मीटरने मागच्या वर्षी याच महिन्यात सुमारे १,७०० होते.' खाली प्रयोगाचा तक्ता आणि करंगळीचा फोटो.

काल उत्तर आलं. माहिती छान वाटली म्हणाले, आणि सोबत एक फॉर्म पाठवला. त्यात 'मासिक वाचक' असा एकच रकाना, तोही फक्त अंक घेणारा. 'सुमारे' टाइप केलं तर लाल होतो. २१०० भरले. तळाशी 'इतर माहिती' म्हणून एक चौकट होती, तिच्यात मीटरचं नाव टाकलं.

टिंबटिंब

माझा तिसरा वाचक सापडला. बॉट आहे, पण रोज येतो.