दारात मूस आणि तिचं पिल्लू, माझ्या आईला त्यांना पोळी घालायचीय, कसं समजावू?

सांगलीची_मीनल
नमस्कार मंडळी, आम्ही मागच्या ऑगस्टपासून अलास्कात अँकरेजला आहोत. हिवाळाभर एक मूसची (हरणाच्या कुळातला इथला अवाढव्य प्राणी) मादी आमच्या ड्राइव्हवेवर यायची, बर्फ फार साचला की साफ केलेल्या वाटेवरून चालणं त्यांना सोपं जातं म्हणे. आता मे संपत आला आणि परवा सकाळी बघते तर तिच्यामागे तांबूस पिल्लू, पाय नुसत्या काड्या, धड उभंही राहता येत नव्हतं. आई आलीय सांगलीहून, तिला ती अगदी गायच वाटते, काल पोळी घेऊन दार उघडत होती गोग्रास घालायला, मी धावत जाऊन अडवलं. मुलगा सहा वर्षांचा आणि बसस्टॉप कोपऱ्यावरच. सगळे म्हणतात लांब राहा, पण लांब म्हणजे किती?

उत्तरेचा_वारा
मीनलताई, फेअरबँक्सला अकरा वर्षं झाली आम्हाला. पहिलं म्हणजे पोळी अजिबात नको, इथे मूसला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा माणसाच्या हातचं मिळालं की ती पुढच्या माणसाकडेही मागायला जाते, त्याने दिलं नाही की अंगावर धावते आणि मग कधीकधी तिला गोळी घालायची वेळ येते. आईंना एवढंच सांगा की त्या पोळीने तिचाच जीव जाईल, त्या लगेच ऐकतील बघा.
लांब म्हणजे किती, तर ती खाणं थांबवून तुमच्याकडे बघायला लागली म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ गेलात. कान मागे पडले, मानेमागचे केस उभे राहिले, ओठ चाटायला लागली की निघायचंच. अस्वलापुढे पळू नका म्हणतात, मूसचं उलटं आहे, पळायचं आणि गाडी, झाड, काहीतरी मध्ये घ्यायचं, सहसा ती फार लांब पाठलाग करत नाही. पाडलंच तर डोकं झाकून अंगाचं मुटकुळं करायचं आणि ती लांब जाईपर्यंत उठायचं नाही. पुढच्या पायांनी तुडवते ती, आणि मादीसुद्धा चारशे-पाचशे किलोची असते. 2024 च्या मे महिन्यातच इथल्या होमर गावात मूसच्या नवजात पिल्लांचे फोटो काढायला गेलेल्या एका गृहस्थांचा त्या पिल्लांच्या आईने लाथा घातल्याने जीव गेला. म्हणून आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीच यायचं नाही, पिल्लू एकटं दिसलं तरी आई जवळच असते. मुलाला स्टॉपवर सोडायला महिनाभर गाडीनेच जा.

राधानगरीकर
मूस मी पाह्यला नाही पण गवा रोज बघतो, आमच्याकडे हजार किलोपर्यंतचा नर असतो आणि तोही असाच शांत चरत असतो, त्या शांतपणालाच माणूस फसतो. डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडला गवा आला तेव्हा लोक मोबाईल घेऊन मागे धावले, बिचारा धावून धावून मेला. अजून आठवलं की पोटात तुटतं. घाबरलेल्या जनावराला आधी वाट मोकळी करून द्या हो, त्याला जायचंच असतं.

उत्तरेचा_वारा
अगदी खरं. आणि एक राहिलंच, कुत्रा असेल तर बांधून ठेवा, मूसच्या लेखी तो लांडगाच. गाडी चालवताना पण जपा, पाय एवढे लांब की धडक बसली तर सगळं धूड काचेवर येतं, आणि अंग गडद असल्याने रात्री अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

सांगलीची_मीनल
खूप आभार दोघांचे. आईला तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, गप्प बसली, मग म्हणाली बाळंतीण आहे ती, तिला कोणी जवळ नकोच असणार. आज खिडकीतूनच बघत होती, पिल्लू पीत होतं आणि मादीचा एक कान सारखा आमच्या दाराकडे वळत होता. घरमालकाने मागे सफरचंदाची झाडं लावलीत, शेंडे सगळे खाल्लेले दिसतात, ती त्यासाठीच येत असेल का? कुंपण घालायला सांगू का त्यांना?