पट अकरा. शाळा ठेवायची की नाही, हे कोणी ठरवायचं?

ओढ्यापलीकडे (धागाकर्ती)

मी आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्षा आहे. शाळा पहिली ते चौथी, पट ११, गुरुजी एक. दुसरं पद दोन वर्षं रिकामं आहे. गेल्या आठवड्याच्या सभेत वरून आलेला एक कागद माझ्यासमोर सहीसाठी ठेवला गेला. आमची मुलं चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत समायोजित करायला पालकांची हरकत आहे का, असा विषय होता. खाली "हरकत नाही" हे आधीच छापलेलं होतं. फक्त सहीची जागा मोकळी. मी सही केली नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी २० पर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा (आसपासच्या लहान शाळांची मुलं एकत्र आणणारी एक मोठी शाळा) करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळा नमुना म्हणून पुढे केल्या होत्या. राज्यात अशा १४,७८३ शाळा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याआधी २०१७ मध्येही दहाच्या आतल्या पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं होतं. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी.

पण माझं दुखणं अंतराएवढंच नाही. त्याच कायद्यात समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि आम्ही केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार धरावा असं लिहिलंय. आम्ही तीन रात्री बसून आराखडा केला. संडासाला पाणी, दुसरा शिक्षक, ओढ्यावर साकव. त्यातलं एकही काम झालं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थोडा निधी आला, ३१ तारखेच्या आत खर्ची टाका असा निरोप आला, आणि त्यातून भिंती रंगवल्या. वाघ, मोर, पाढे. भिंती सुंदर झाल्या आहेत, पण मुली संडासाला अजून ओढ्यावरच जातात.

जी समिती शिक्षक मागू शकत नाही आणि स्वतः ठरवून पैसा खर्चू शकत नाही, तिची संमती शाळा बंद करतानाच तेवढी का लागते?

---

खडूफळा

ताई, तुमचा राग पटतो. पण मी एकोणीस वर्षं अशाच शाळांवर शिकवतोय आणि माझं मत तुमच्या उलट आहे. अकरा पटाची शाळा मुलांसाठी चांगली नाही.

माझी एक सकाळ सांगतो. परिपाठ झाला की पहिलीच्या दोघांना मुळाक्षरं गिरवायला देतो. दुसरीचं कोणी नाही. तिसरीत एकच मुलगा. त्याला वाचनाचा उतारा देऊन चौथीच्या तिघींना भागाकार समजावायला घेतो. तेवढ्यात तांदूळ मोजून द्यायला स्वयंपाकी मावशी बोलावतात. मग जेवणाऱ्यांची संख्या मोबाइलवर भरायची, रेंजसाठी टेकाडावर जायचं. परत येतो तर पहिलीची दोघं अंगणात आणि भागाकार अर्धवट. कुठली माहिती तातडीने मागवली गेली तर तो दिवस तिच्यातच जातो. मतदार यादीचं काम आलं तर महिना जातो.

तो तिसरीतला मुलगा सगळ्यात जास्त आठवतो. वर्षभर त्याच्या इयत्तेत दुसरं कोणीच नव्हतं. चुकलं तर हसणारं कोणी नाही, पुढे गेलं तर चिडणारं कोणी नाही. पाचवीला मोठ्या शाळेत गेला तेव्हा पहिले दोन महिने तो वर्गात बोललाच नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मुलाला मुलं लागतात, ती गरज मी कितीही जीव लावला तरी भागवू शकत नाही.

गाडी खात्रीची असेल तर चार किलोमीटर मी लांब मानत नाही. दोन शिक्षक, साठ-सत्तर मुलं, खेळायला मैदान, कबड्डीचे दोन संघ होतील एवढी पोरं. आपल्या वाडीतल्या मुलाला हे का मिळू नये?

---

पायवाट

गुरुजी, तुमच्या वाक्यातल्या "गाडी खात्रीची असेल तर" याबद्दलच सांगते.

आमच्या डोंगरातल्या पाड्यावरची शाळा काही वर्षांपूर्वी खालच्या गावात जोडली. नऊ मुलं होती. जूनमध्ये जीप लागली, साहेबांनी नारळ फोडला. दिवाळीपर्यंत जीप नीट आली. नंतर चालकाचं बिल थकलं, तो म्हणाला डिझेल खिशातून किती दिवस घालू? जीप आठवड्यातून तीनदा यायला लागली, मग बंदच. मुलगे चालत जायला लागले. दोन मुली घरी बसल्या, त्यातली एक माझी चुलत बहीण. आता ती आईबरोबर ऊसतोडीला जाते.

पाड्यावर शाळा होती तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात बसायची आणि मास्तर बसू द्यायचे. चार किलोमीटरवरच्या शाळेत भावाला कडेवर घेऊन कोण जाणार?

---

जुना विस्तार अधिकारी

मी शिक्षण विभागातून निवृत्त झालो. खुर्चीच्या त्या बाजूचंही कोणीतरी बोलायला हवं.

२०२३ मध्ये जे आकडे आले त्यात या १४,७८३ शाळांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे सरासरी सहा मुलांमागे एक शिक्षक. त्याच वेळी तालुक्याच्या गावाजवळच्या शाळेत एका बाईंसमोर पन्नास मुलं बसलेली मी पाहिली आहेत. त्या पन्नासांचे आईबाप पण गरीबच. त्यांच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

दुसरं, सगळ्याच लहान शाळा दुर्गम नाहीत. २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. गावातलाच शिकलेला मुलगा निमशिक्षक म्हणून तुटपुंज्या मानधनावर झाडाखाली, ओसरीत मुलं बसवायचा. त्या मुलांनी मोठं काम केलं, त्यांचं ऋण मोठं आहे. पण काही ठिकाणी दोन भावक्यांच्या भांडणातून अर्ध्या किलोमीटरवर दुसरी वस्तीशाळा निघाली आणि पुढे तीही प्राथमिक शाळा झाली. अशा दोन शाळा एक केल्या तर कोणाचं नुकसान होतं? मी असे चार प्रस्ताव पाठवले होते. एकही मंजूर झाला नाही, कारण दर वेळी कोणीतरी पुढारी आडवा आला.

डोंगरातल्या शाळेला आणि रस्त्यालगतच्या शाळेला एकच २० चा आकडा लावणं चूक आहे, हे मात्र मान्य करतो.

---

ओढ्यापलीकडे

साहेब, ती सरासरी आमच्या वाडीत येऊन बघा. सहाला एक म्हणता, आमच्याकडे अकराला एक. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत असं कायदा म्हणतो. दुसरा कुठे आहे? कागदावर की सोप्या क्षेत्रात, म्हणजे जायला-यायला सोयीच्या शाळेत?

रस्त्यालगतच्या दोन शाळा एक करा, माझी ना नाही.

---

मधली सुट्टी

मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. पट सरकारने एकट्याने कमी केलेला नाही. आम्हीही केला.

माझी मुलगी दुसरीत असताना मी तिला जिल्हा परिषद शाळेतून काढलं आणि इंग्रजी माध्यमात घातलं. पिवळी गाडी फाट्यापर्यंत येते. सकाळी साडेसहाला तिला उठवते, डबा भरते, फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडते. फी भरायला दोन शेळ्या विकल्या. तिचे गुरुजी चांगले होते, पण ते बदलून गेले आणि सहा महिने कोणी आलंच नाही. तेव्हा शेजारच्या केंद्रातले एक सर आठवड्यातून दोनदा येऊन कुलूप उघडायचे. मी किती वाट बघायची होती?

आमच्या गावात शाळा वाचवा म्हणून निवेदन दिलं, त्यावर सह्या करणाऱ्या निम्म्या जणांची मुलं त्याच पिवळ्या गाडीत बसतात. माझीही सही आहे त्यावर. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरं आहे.

---

काळी माती

@मधली सुट्टी, तुमच्या प्रामाणिकपणाला नमस्कार. पण पट परत येतो, हेही खरं आहे. खेड तालुक्यातलं जालिंदरनगर बघा. २०२२ मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा शाळेत फक्त तीन मुलं होती. गावाने लोकवर्गणी काढली, खोल्या उभ्या केल्या, पट शंभरावर गेला, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार त्या शाळेला मिळाला. तीनच्या पटाला कोणी "हरकत नाही" छापून कुलूप लावलं असतं तर?

---

खडूफळा

वारे गुरुजींबद्दल मनापासून आदर आहे. पण ते उदाहरण आमच्या डोक्यावर मारू नका. पुण्याच्या जवळच्या गावात वर्गणी जमते. माझ्या वाडीतले सगळे तरुण मुंबईत हॉटेलात आणि सुरक्षा रक्षकाच्या कामाला आहेत. मागे राहिले म्हातारे आणि सात घरं. मूलच जन्माला येत नसेल तर पट कुठून आणू? असामान्य माणसावर व्यवस्था उभी करता येत नाही. व्यवस्था अशी हवी की माझ्यासारख्या साध्या शिक्षकाच्या हातूनही मुलं शिकावीत.

---

सातवीची वेस

इथे सगळे पहिली ते चौथीबद्दल बोलताय. वरच्या वर्गांचं काय झालं ते बघा. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या (पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवण्याच्या) निर्णयात सहावी ते आठवीचा पट २० च्या आत असेल तर शिक्षकाची पदं शून्य. शाळा बंद करा असा आदेश कोणी काढतच नाही. पद काढून घेतात, मग पालक आपणहून दाखला न्यायला येतात, आणि शेवटी कागदावर लिहितात की विद्यार्थी नसल्याने शाळा बंद.

आमच्या शाळेत सातवीला अकरा मुली होत्या. पाचवीचे सर मधल्या वेळात त्यांना गणित शिकवत होते.

दाद मागायला कोणाकडे जायचं? पूर्वी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत आपला सदस्य असायचा. त्याच्या दारात बसता यायचं. मार्च २०२२ मध्ये कित्येक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. त्या काळातले हे निर्णय आहेत. त्यामुळे धागाकर्तीचा प्रश्न मला शाळेच्या पटापेक्षा मोठा वाटतो. गावाच्या शाळेबद्दल गावातल्या एकाही निवडून दिलेल्या माणसाला विचारलं गेलं नाही.

---

जुना विस्तार अधिकारी

@सातवीची वेस, सदस्य असतानाही बदल्यांचा बाजार कसा चालायचा ते मी पाहिलंय. सोप्या शाळेसाठी चिठ्ठ्या यायच्या. ऑनलाइन बदल्या आल्या तेव्हा पहिल्यांदा अवघड क्षेत्रातल्या शिक्षकाला कोणाच्या पाया न पडता खाली येता आलं. गावाच्या हाती सगळं दिलं की न्याय होतो, हे मला मान्य नाही.

मात्र एक सांगतो. छापील "हरकत नाही" हे चुकीचंच आहे. ताई, तुम्ही सही केली नाही ते बरोबर केलंत. त्या कागदाला उत्तर म्हणून समितीचा ठराव इतिवृत्तात घ्या, हजर पालकांच्या सह्या घ्या, आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. तोंडी नकार फाइलमध्ये दिसत नाही.

---

खडूफळा

आणि ठरावात नुसतं "विरोध" लिहू नका, अशी विनंती. माझ्यासारखा वाचणारा दुसऱ्या बाजूला बसलेला असेल. अटी लिहा. गाडीचा करार किती वर्षांचा, बिल कोण आणि किती दिवसांत देणार, गाडी आली नाही त्या दिवशी मुलांचं काय, तिथे दोन शिक्षक आधी हजर होणार का. या चारही गोष्टी लेखी मिळाल्या तर माझं मत तेच राहील, मुलं पाठवा. नाही मिळाल्या तर मीच तुमच्या बाजूने सही करीन.

---

पायवाट

पाचवी अट घाला. जुन्या शाळेची इमारत आणि पद दोन वर्षं मोडायचं नाही. आमची जीप बंद पडली तेव्हा परत यायला शाळाच उरली नव्हती. खोलीत रेशनचं धान्य भरलं होतं.

---

ओढ्यापलीकडे

पाचही अटी वहीत लिहून घेतल्या. गुरुजी, तुमच्या तिसरीतल्या मुलाबद्दल वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे पहिलीत एकटी मुलगी आहे.

सभा गुरुवारी सकाळी नऊला लावली आहे, कारण दहानंतर बायका लावणीला जातात. अकरापैकी आठ पालक येतो म्हणालेत. ठराव मी हाताने लिहिणार आहे. पोच मिळाली की इथे सांगते.