मदत हवी आहे: दशांश अपूर्णांकांवर मुलं चर्चा करत असताना शिक्षकानं नेमकं कधी बोलावं?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका हिंदी माध्यमाच्या शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, तास चाळीस मिनिटांचा. ज्ञानरचनावादी पद्धतीनं (मुलानं ज्ञान स्वतः रचावं अशा रीतीनं) शिकवणाऱ्यांकडून मला एका ठरावीक जागी मदत हवी आहे.

फळ्यावर प्रश्न होता, 0.5 मोठा की 0.25? बहुतेकांनी 0.25 म्हटलं. "मॅडम, पच्चीस तो पाँच से बड़ा है ना!" कारण विचारलं तर एकानं पैशांवर आणलं: 0.5 म्हणजे पाच पैसे आणि 0.25 म्हणजे पंचवीस. पंचवीस पैशांचं नाणं 2011 मध्येच चलनातून गेलं, या मुलांनी ते वापरलेलंही नाही. तरी टिंबाच्या अलीकडे रुपये, पलीकडे पैसे ही मांडणी डोक्यात पक्की आहे. जे आधीपासून ठाऊक आहे त्यातच मूल नवी गोष्ट बसवून पाहतं, असं बालमानसशास्त्रज्ञ पियाजे सांगतो. ते मला समोर दिसत होतं, म्हणून मी उत्तर लगेच खोडलं नाही.

मग नमकीनच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवायला सांगितला. पाव किलो शेवेला 0.250, अर्ध्या किलोला 0.500. अर्धा किलो जास्त, हे इंदूरच्या मुलांना कोण शिकवणार! पण काट्यावर टिंबानंतर कायम तीन अंक असतात. मुलांनी 250 आणि 500 यांचीच तुलना केली, टिंबाकडे पाहण्याची गरजच पडली नाही.

शेवटी चौकटीच्या कागदावर दहा बाय दहाचा चौकोन घेतला. एक उभी पट्टी म्हणजे दशांश, एक छोटं घर म्हणजे शतांश. जोडीजोडीनं रंगवलं, भरपूर वाद झाले आणि 0.5 मोठा हे मुलांनीच ठरवलं. मला फार आनंद झाला. पुढच्या तासाला कागद न देता 0.3 आणि 0.45 विचारले, तर त्याच मुलांतली बरीच जण 0.3 मोठा म्हणाली. का, तर दशांश शतांशापेक्षा मोठा असतो! एक चुकीचा नियम गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. हा दुसरा नियम 0.5 आणि 0.25 ला बरोबर उत्तर देतो, त्यामुळे आदल्या दिवशीच्या बरोबर उत्तरांत खरी समज किती होती हेही आता सांगता येत नाही.

'शेवटी शून्य लावून अंक सारखे करा' हे सांगणं सोपं आहे, गुणही मिळतील. पण मग पुन्हा काट्यासारखंच होईल.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलानं ज्ञान स्वतः रचावं यावर भर आहे आणि मला तो मनापासून पटतो. पण मुलं चुकीच्या नियमावर एकमतानं स्थिर होत असतील तर मी केव्हा मधे पडायचं? आणि पन्नास मुलांत कुणाच्या डोक्यात कोणता नियम आहे, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
ताई, मी निवृत्त शिक्षक, उज्जैनचा. पियाजेच्याच एका भेदाचा तुम्हाला उपयोग होईल. काही ज्ञान माणसांनी ठरवलेलं असतं: चिन्हं, नावं, लिहिण्याची रीत. ते विचार करून सापडत नाही, सरळ सांगावं. टिंबानंतरचं पहिलं घर दशांशाचं आणि दुसरं शतांशाचं, ही रीत आहे. पण 0.45 मध्ये चार दशांश आधीच आहेत, म्हणून तो 0.3 च्या पुढे जातो, हे नातं आहे. ते मुलांनी जुळवायचं. रीतीसाठी वाट पाहू नका, नात्यासाठी जरूर पाहा.

0.5 आणि 0.25, 0.3 आणि 0.45 या दोन्ही जोड्या एकाच वेळी द्या. दोन्हींपैकी कुठलाही चुकीचा नियम पाळणाऱ्याची एक जोडी बरोबर येईल, एक चुकेल. चर्चेआधी प्रत्येकाकडून उत्तर आणि एका ओळीत कारण चिठ्ठीवर घ्या, नाहीतर वर्गातली दोन-तीन मोठ्या आवाजाची मुलं सगळ्यांचं उत्तर ठरवतात.

आपल्या राज्यात 1972 ते 2002 चाललेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुलं चार-चारच्या टोळीत प्रयोग करायची आणि मग त्यावर सामूहिक चर्चा व्हायची. ती चर्चा हाच धड्याचा गाभा. तुमची दोन्ही चुकीची कारणं, नावं न घालता, फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, दोन्ही जोड्यांना कोणतं कारण पुरतं?

धागाकर्ती:
काका, खूप खूप आभार. रीत आणि नातं वेगळं काढल्यावर बराच गुंता सुटला. सोमवारी चिठ्ठ्या घेते. चौकोनाऐवजी कागदाची लांब पट्टी वापरायचा विचार आहे: दहा भाग, त्यातल्या एकेकाचे पुन्हा दहा, आणि दोन्ही संख्या त्याच पट्टीवर दाखवायच्या. 0.4 आणि 0.40 ची जोडी त्याच तासात द्यावी का, की ती दोन कारणं निकालात निघेपर्यंत थांबावं? कुणी पाचवीत करून पाहिलं असेल तर कृपया लिहा.