ऑरगॅनिकमधून क्वांटम केमिस्ट्रीत जावं का?

प्रश्न – पंचगंगा_काठ
एमएस्सी ऑरगॅनिकचं शेवटचं वर्ष, कोल्हापूर. नेट निघाली तर क्वांटम केमिस्ट्रीत पीएचडी करावी असं फार वाटतंय. घरचे म्हणतात, प्रयोगशाळेत पाय ठेवणार नाहीस तर केमिस्ट कसली? शिवाय बारावीनंतर गणित सुटलंय. ही माणसं जन्मभर नेमकं करतात काय?

निवृत्त_मास्तर
बाळा, मी नोकरीभर हेच केलं, म्हणून सांगतो. रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण मोठ्या रेणूसाठी अचूक सुटत नाही. मग काय सोडून द्यायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवणं हेच आमचं काम, आणि त्याला केमिस्टचीच नजर लागते. सीसीएसडी-टी ही रेणूची ऊर्जा काढायची भरवशाची पद्धत, पण रेणू दुप्पट झाला की संगणकाचा वेळ साधारण 128 पट! आणि गणिताचं म्हणशील, तर आमच्या क्षेत्रातले मोठे नाव जॉन पोपल मुळात गणितातलेच. ‘गॉसियन 70’ हा असे हिशेब करणारा संगणक-प्रोग्राम त्यांच्याच गटाचा, आणि 1998चं केमिस्ट्रीचं नोबेल वॉल्टर कोन यांच्याबरोबर त्यांना मिळालं. त्यांची शिस्त मला सगळ्यात मोलाची वाटते: आधी पद्धत पक्की करा, माहीत असलेल्या रेणूंवर पारखा, ती किती चुकते ते जाणून घ्या, मगच नव्या रेणूला हात घाला.

आणि पुणे विद्यापीठात गद्रे सरांच्या गटानं काय केलं ते जरूर वाच. मोठा रेणू एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, तुकडे वेगवेगळे सोडवायचे, जोडताना दोनदा मोजलेला भाग वजा करायचा. ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ म्हणतात त्याला. मला याचा आजही अभिमान वाटतो.

धागा_दोरा
सर म्हणतात ते खरं, पण नोकरीचंही बघ. कॉलेजातल्या कायम जागा कमी. औषध आणि कॅटॅलिस्टच्या कंपन्यांत डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत) येणारी माणसं घेतात, पण पायथन आणि लिनक्स हवंच.

पंचगंगा_काठ
सर, सुरुवात कुठून करू?

निवृत्त_मास्तर
हायड्रोजनच्या रेणूपासून. छोटा बेसिस सेट घे, म्हणजे कक्षक ज्यांतून रचायचे ती मोजकी फलनं. हार्ट्री-फॉक, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनाला बाकीच्यांचा सरासरी परिणाम जाणवतो असं धरणारी पद्धत, कागदावर सोडव, मग ‘साय-4’ या प्रोग्रामवर तोच हिशेब लाव, ते फुकट मिळतं. नंतर बंध ताणत ने. इलेक्ट्रॉनांची जोडी एकाच कक्षकात कोंडलेली असल्यानं ऊर्जा दोन सुट्या अणूंच्या बेरजेपेक्षा बरीच वर जाऊन बसेल. असं का होतं ते स्वतःच्या शब्दांत लिहून इथे टाक, मी तपासून देतो. गणित तेवढ्यात लागेल तसं शिकशील.