छातीचं ओझं कमी करायचं ऑपरेशन: कोणाकोणाचं झालं?

पराटीवाली
काल भाचीनं फोनवर हळूच विचारलं, "मावशी, तुह्या खांद्यावरचे ब्राच्या पट्ट्याचे खड्डे बुजले का वो?" अन् सगळं आठवलं. कापूस वेचताना कमरेला ओटी, वर हे वजन. मान अशी भरून यायची! मे महिन्यात छातीखालची कातडी चिघळायची, पावडर लावून काही होत नव्हतं. शेवटी नागपूरला ऑपरेशन केलं. आधी उभं करून पेनानं रेघा मारल्या. निप्पल बहुतेक वेळा पूर्ण सोडवत नाहीत, रक्तपुरवठा असलेल्या मांसाच्या पट्ट्यावर ठेवून वर घेतात. टाके उलट्या इंग्रजी T सारखे. उभा अन् आडवा टाका मिळतो तिथं थोडं उघडलं, ड्रेसिंगवरच भरलं. व्रण आहेत, पण मान हलकी झाली. लिहा ना वो बायाहो.

आर्वीची
माझा आडवा टाका नाही, निप्पलभोवती गोल अन् खाली उभा. कमी काढायचं होतं. पट्टी सोडली तं खाली चुण्या, वरतून फुगलेलं. लय रडली मी. हळूहळू बसलं.

खर्रामुक्त
मले पहिले खर्रा सोडायले लावला. तंबाखूनं बारीक नसा आकसतात, जखम भरत नाही, निप्पल काळं पडू शकते म्हणे. आमचे हे म्हणतात, "मी खातो तं तुले काय फरक पडते?" 😂

आर्वीची
त्यायचाही सोडव!

पुसदकर
पोरीचं लग्न ठरून रायलं. ऑपरेशननंतर लेकराले पाजता येते का?

पराटीवाली
निप्पल मांसाच्या पट्ट्यावर ठेवलं तर बऱ्याच जणींना येतं, कमी येऊ शकतं, हमी कोणी देत नाही. माझ्या जावेचं फारच मोठं होतं, तिचं निप्पल सोडवून पुन्हा लावलं. तिथली जाणीव गेली, अन् दूध तं नाहीच. लेकरं मोठी होती म्हणून बरं. घाई नसेल तर बाळंतपणानंतर करा, आकारही पुन्हा बदलतो.

सोयाबीन_आणि_मी
विम्यावाल्यानं "सौंदर्यासाठी" म्हणून फाईल परत केली. मानदुखीची चिठ्ठी, चामडीच्या डॉक्टरचे कागद, सगळं जोडलं होतं. सौंदर्य म्हणे! घमेलं उचलून पाहा म्हणा.

खर्रामुक्त
😡 सोयाबीन काय भाव विकलं वो?

सोयाबीन_आणि_मी
विचारूच नको.

वणीची मावशी
काढलेलं मांस तपासायले पाठवतात, तो रिपोर्ट मागून घ्या. चाळिशी झाली असेल तं आधी मॅमोग्राफी, म्हंजे छातीचा (स्तनाचा) एक्स-रे. अन् घरी आल्यावर पाण्याची गुंडी उचलू नका, सासू काही म्हणो.

पुसदकर
सासू मीच हावो 🙈 ते पुढून हूकवाली ब्रा कुठं भेटते?

आर्वीची
नागपूरले, सीताबर्डीत. सूज उतरू द्या, मंग माप घ्या. मी जाऊन रायली मंगळवारी, कोणाले आणू?

खर्रामुक्त
मले आण. अन् संत्रा बर्फी.