जॅगरी म्हणजे गूळ, पण शब्द साखरेचा

प्रश्न : काका, सांगलीच्या गुळाच्या पाकिटांवर ‘जॅगरी’ छापतात. हा शब्द आपल्या ‘गूळ’वरूनच इंग्रजीत गेला का?

उत्तर : नाही. ‘गूळ’ संस्कृत ‘गुड’पासून आला, त्याचा जॅगरीशी संबंध नाही. जॅगरी निघाला ‘शर्करा’पासून, म्हणजे तो शुगरचा सख्खा भाऊ!

शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, वाळू. उसाचा रस आटवल्यावर तसेच दाणे दिसले, म्हणून तेच नाव पडलं. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, पुढे लॅटिन आणि जुनी फ्रेंच असं फिरत फिरत १३व्या शतकात इंग्रजीत ‘शुगर’ पोचला. ग्रीक-लॅटिनमधल्या ‘सॅकरम’वरून उसाचं शास्त्रीय नाव आलं आणि सॅकरीनचंही.

जॅगरी मात्र समुद्रमार्गे गेला. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. आपल्या जतकडचे कन्नड बोलणारे लोक साखरेला ‘सक्करे’ म्हणतात आणि गुळाला ‘बेल्ल’, म्हणजे आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द. पण मलयाळममध्ये ‘शर्क्करा’, ‘चक्करा’ म्हणजे गूळ! मलबार किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं ‘जागरा’ झालं आणि १६व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ते उचललं. म्हणून शब्द साखरेचा असूनही अर्थ गुळाचा राहिला.

प्रश्न : मग कँडी? ती आपल्या खंडीवरून आली असं कुणीतरी सांगत होतं.

उत्तर : अर्धं बरोबर आहे. इंग्रजीत कँडी दोन आहेत. गोळ्या-चॉकलेटची कँडी संस्कृत ‘खंड’ म्हणजे तुकडा, यावरून फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’ अशी गेली. आपली ‘खांडसरी’ त्याच गोतातली. दुसरी कँडी वजनाची, आणि ती खरोखर आपली वीस मणांची खंडी. ती अजून चालू आहे. रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, भाव आजही खंडीवर निघतात, एक खंडी सुमारे ३५६ किलोची. इंग्रजी बाजारभावात ‘पर कँडी’ दिसलं तर मराठीत सरळ ‘प्रतिखंडी’ लिहावं. काही ठिकाणी ‘प्रति कँडी’ छापलेलं दिसतं, ते मला खटकतं. शब्द आपल्याच घरचा आहे.