रायझन २६०० बदलायचा आहे: जुन्याच बोर्डावर ५६०० बसवावा, की एएम५ या नव्या सॉकेटसाठी थांबावे?

रातकिडा

माझा गेमिंग पीसी २०१९ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जुळवलेला आहे. त्यात एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. ग्राफिक्स कार्ड तेवढे मध्यंतरी बदलले, आता आरटीएक्स ३०६० आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. प्रोसेसरसाठी १५,००० रुपये बाजूला काढले आहेत. माझा कल जुन्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवण्याकडे आहे, आणि तो चुकत असेल तर पैसे जाण्यापूर्वी कोणीतरी खोडून काढावा, अशी इच्छा आहे.

दोष प्रोसेसरचाच आहे, हे मी आधी तपासले. सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या बाजारातून चालताना फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) ४८ पर्यंत घसरतात आणि त्या वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर जेमतेम ६० टक्के दिसतो. मग रिझोल्यूशन ७२०पी केले. कार्डाला रंगवायचे पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, तरी फ्रेम होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे कार्ड मोकळे बसले आहे आणि त्याला काम पुरवणारा मागे पडतो आहे.

५६०० च का, तर आतल्या रचनेमुळे. २६०० चे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाकडची माहिती हवी असली की वळसा पडतो आणि खेळात नेमका हाच वळसा फ्रेम अडखळण्याच्या रूपाने दिसतो. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशवर बसलेले आहेत. वीजमर्यादा दोन्हींची ६५ वॅटच असल्यामुळे पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. नावात शंभराचाच फरक असलेला ५५०० स्वस्त मिळतो, पण त्याची कॅश निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे. त्या मोहात पडणार नाही.

हिशेबनीस

तपासणी पटली, निष्कर्ष पटला नाही. तुमच्या बोर्डावरचे एएम४ हे २०१६ चे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आहे आणि त्यावर तुम्ही आज घालाल तो रुपया तिथला शेवटचा रुपया ठरेल, कारण पुढच्या वेळी बोर्ड आणि रॅम बदलल्यावाचून गत्यंतर नाही. एएम५ २०२२ मध्ये आले आणि ते २०२७ व त्यापुढेही चालू ठेवू, असे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. आज रायझन ५ ७६०० घेणाऱ्याला चार वर्षांनी त्याच बोर्डावर ९८००एक्स३डी चढवता येईल, तोवर तो सेकंडहँड बाजारातही आलेला असेल. खर्च एका खरेदीचा मोजू नये, सहा वर्षांचा मोजावा.

१५,००० रुपयांत प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम बसत नाही, हे मलाही कळते. म्हणूनच थांबा म्हणतो. शिवाय तुमचा आजचा पीसी जसाच्या तसा विकला किंवा धाकट्या भावाला दिला, तर ते एक चालते यंत्र आहे. त्यातून काढलेल्या सुट्या २६०० ला कोण विचारतो? आणखी एक. बी४५० वर पीसीआयई ३.० च, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जुन्या पिढीची जोडणीच, मिळते. आरटीएक्स ४०६० सारखी आठच लेनची (जोडणीच्या मार्गिकांची) कार्डे अशा बोर्डावर निम्म्या वेगाच्या जोडणीवर चालतात, तेव्हा उद्या कार्ड बदलाल तेव्हाही हा बोर्ड आडवा येईल.

घाटावरचा

‘थांबा’ हा सल्ला फुकट वाटतो, पण तसा तो नसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या डेटा सेंटरकडून मिळणारे गिऱ्हाईक अधिक फायद्याचे आहे. अशा वेळी हाताशी असलेली १६ जीबी डीडीआर४ टिकवणे हीच खरी बचत आहे. आणि बोर्ड तोच ठेवून चार वर्षांनी प्रोसेसर चढवीन, असे म्हणणाऱ्यांपैकी किती जण तसे करतात? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी वेळ आल्यावर सगळेच नवे घेतले. उलट रातकिडा यांच्याकडे ती संधी आज हातात आहे. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० ला रायझन ५००० मालिका (५६०० त्यातलाच) चालणार नाही, असे सांगितले होते आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच माघार घेतली. भांडून मिळवलेली सवलत वापरायची नाही, तर मग मिळवली कशाला?

माझा मतभेद वेगळ्या ठिकाणी आहे. मी ५६०० ऐवजी ५७००एक्स३डी शोधला असता. त्यात ९६ एमबी एल३ कॅश आहे, मूळ ३२ वर ६४ एमबीचा थर रचलेला. कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झच, म्हणजे ५६०० पेक्षा कमी, तरीही खेळात तो पुढे जातो. मात्र त्याच्या खोक्यात कूलर येत नाही, तो १०५ वॅटचा आहे, त्यामुळे २६०० सोबतचा छोटा कूलर पुरणार नाही, आणि नवा नग आता सहज मिळत नाही. वापरलेला घ्यायचा, तर खालच्या पिना भिंगातून पाहून घ्या.

इंटेलच्या १२४००एफ या प्रोसेसरलाही डीडीआर४ चालते, पण बोर्ड नवा लागतो आणि ते सॉकेटही संपलेलेच आहे, तेव्हा तो विचार सोडावा.

स्क्रू ड्रायव्हर

सगळे जण पैसे कुठे घालायचे यावर वाद घालत आहेत. मला शंका आहे की ते आत्ता घालायलाच नकोत. रॅमच्या दोन कांड्या नेमक्या कोणत्या खाचांत आहेत आणि किती वेगाने चालत आहेत, हे मूळ प्रश्नात कुठेच नाही. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या असायला हव्यात. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) येतात आणि रॅमची वाहतूक निम्म्यावर येते. त्यातून २६०० मध्ये दोन गटांना जोडणारा मार्ग रॅमच्याच घड्याळावर चालतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) रॅमच्या पूर्ण वेगाचे प्रोफाइल चालू केले नसेल, तर ३२०० ची रॅम २१३३ वर रांगते आणि तुम्ही ज्या वळशाला नावे ठेवत आहात, तो वळसा तुम्हीच लांबवलेला असतो.

प्रोसेसर बदललातच, तर एक स्वानुभव ऐका. मी थंड पीसीचा कूलर सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर घट्ट धरला होता, तो सॉकेटची कडी बंद असतानाच कूलरला चिकटून बाहेर आला आणि कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या झाल्या. नंतर संपूर्ण संध्याकाळ यांत्रिक पेन्सिलीच्या टोकाने एकेक पिन सरळ करत बसलो. आधी अर्धा तास खेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग पीसी बंद करून वायर काढावी आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा.

रातकिडा

सांगायला लाज वाटते, पण कांड्या शेजारी-शेजारीच निघाल्या. कॅबिनेट उघडले तेव्हा दुसऱ्या खाचेत सहा वर्षांची धूळ होती. वेगही २१३३ च होता. दोन्ही दुरुस्त केले आणि त्याच बाजारातून त्याच वेळी चाललो: ४८ च्या जागी ६१. एक पैसा खर्च न होता.

पण ७२०पी ची चाचणी पुन्हा केली, तर फ्रेम अजूनही ६१ च्याच आसपास राहतात. खीळ मागे सरकली आहे, सुटलेली नाही. ५६०० चा विचार त्यामुळे सोडलेला नाही. ५७००एक्स३डी मोहक आहे, पण कूलर धरून तो माझ्या रकमेत बसत नाही आणि वॉरंटीशिवाय वापरलेला नग घेण्याइतके काळीज माझ्यापाशी नाही.

हिशेबनीस

म्हणजे तेरा फ्रेम फुकट मिळाल्या आणि तरीही १५,००० रुपये खिशात राहायला तयार नाहीत. ज्या यंत्राने सहा वर्षे अर्ध्या रॅमवर निभावले, ते आणखी वर्षभर पूर्ण रॅमवर निभावेल. तोवर ही रक्कम वाढवा. रॅमचे भाव कायम चढेच राहतात, असा अनुभव नाही. २०१८ मध्येही ते असेच चढले होते आणि पुढच्या वर्षी उतरले.

घाटावरचा

उतरतीलही. पण ते केव्हा, याची तारीख तुम्ही दिलेली नाही, आणि खेळायचे आज आहे.

रातकिडा

हिशेबनीस यांच्या सुट्या २६०० बद्दलच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर आहे. मावसभावाच्या पीसीत रायझन ३ १२०० आहे. तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. २६०० त्या यादीत आहे, तेव्हा तो सुटा पडणार नाही, त्याच्याकडे जाईल. माझ्या बोर्डाचा बायोस मात्र २०१९ चाच आहे. तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करावा लागेल. आमच्याकडे संध्याकाळी वीज जाते, म्हणून रविवारी सकाळी यूपीएस लावून ते काम उरकतो, नंतरच दुकानात जातो.

स्क्रू ड्रायव्हर

मावसभावाचा बोर्ड कोणता आहे? २०१७ मधला ए३२० असेल, तर त्याचाही बायोस १२०० असतानाच बदलून घ्या, नाहीतर २६०० बसवल्यावर पडदा काळाच राहील. यूपीएस त्यालाही नेऊन द्या.